चिमूटभर सुमन

सुमन उभ्या आयुष्यात विमानात बसली नाही. गच्चीवर पापड वाळत घालतानाही ती कठड्यापासून लांब राहायची. अशा बाईच्या चिमूटभर अस्थी चंद्रावर पाठवायला आपण हो म्हणालोच कसे, हे सुधाकररावांना पुढे कधी उमगलं नाही.

बँकेतून निवृत्त होऊन ते नानाखेड्याला राहत होते. मुलगा यशोधन परदेशात एका अंतराळ कंपनीत इंजिनियर. आई गेल्यावर तो आला, नदीकाठी रामघाटावर सगळं विधिवत झालं. परत जाताना त्यानं थोड्या अस्थी मागितल्या. कंपनीचं यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाशी उतरणार होतं. पुढे तिथं माणसांची वस्ती व्हायची होती, आणि तिथल्या मातीत पहिल्यांदा विसावणाऱ्यांत आई असावी, असं त्याला वाटत होतं. पोराचे सुजलेले डोळे पाहून सुधाकररावांना नाही म्हणवेना.

पण दुसऱ्या एका देशाचं यानही त्याच जागेकडे निघायच्या बेतात होतं. आधी पोचेल त्याला मोक्याची जागा. कंपनीनं घाई केली, इंजिनाची शेवटची चाचणी गाळली आणि उड्डाण अलीकडे आणलं. चंद्राजवळ पोचल्यावर ऐन वेळी इंजिन पेटलंच नाही. यान चंद्राला बगल देऊन गेलं आणि सूर्याभोवती भटकत राहिलं. दुसऱ्यांचा झेंडा मात्र लागला, टीव्हीवर सगळीकडे तोच दिसायचा.

त्यानंतर दिवेलागणीला सुधाकररावांना आतल्या खोलीतून हाक ऐकू यायला लागली. आवाज रोजचाच, जरा घाबरलेला.

"अहो, पाय टेकत नाहीयेत माझे."

आत जाऊन पाहावं, तर कुणी नाही. भास होतात एवढंच सांगितल्यावर डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. शेजारच्या शैलेंद्रनं देवास गेटजवळचा कुणी मांत्रिक सुचवला. सुधाकररावांनी गोळ्या घेतल्या नाहीत, मांत्रिकाकडेही गेले नाहीत. हाक बंद झाली तर काय, याचीच त्यांना जास्त धास्ती होती.

पितृपक्षात यशोधन न कळवता आला. वाळून निम्मा झाला होता. दोघं घाटावर गेले. पंडितजींनी तर्पण सांगायला सुरुवात केली, आईचं नाव उच्चारलं, आणि यशोधनच्या ओंजळीतलं पाणी सांडलं.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "तिकडे मला आईचा आवाज येतो. पाय टेकत नाहीत म्हणते."

ती काय म्हणते, हे सुधाकररावांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

विधी उरकल्यावर ते तिथंच पायरीवर बसून राहिले. कंपनी पुन्हा यान पाठवतेय, या वेळी आणखी घाईनं, म्हणून नोकरी सोडून आलो, असं यशोधननं सांगितलं. सुमनला घेऊन गेलेलं ते पहिलं यान परत पृथ्वीजवळून कधी जाईल, असं सुधाकररावांनी विचारलं.

"आपण दोघंही नसू तेव्हा."

घरी पोचेपर्यंत दिवे लागायला आले होते. कुलूप काढायला दोघांपैकी कुणी पुढे होईना. शेवटी सुधाकररावांनी किल्ली लावली आणि दार ढकलायच्या आधी, आत ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "अगं, यशू आलाय."