मिसुरीची घंटेवाली घोडी

मी एक म्हातारी पांढरी घोडी आहे. मित्रांनो, पूर्वी माझ्या गळ्यात पितळी घंटा असायची. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात विल्बर प्रूइट यांच्या तबेल्यात मी लहानाची मोठी झाले. मालक खेचरं विकायचे. खेचराची आई घोडी असते, म्हणून की काय, खेचरांना घोडीचा भारी लळा. चाबकाला दाद न देणारं खेचरही माझी घंटा ऐकली की गुमान मागे यायचं.

खेचरं आगगाडीत चढवायची असली की मालकांचा मुलगा एल्डन माझा दोर धरून मला डब्यात न्यायचा. ती मागोमाग यायची. मग आम्ही दोघं पलीकडच्या दाराने बाहेर पडायचो आणि दारं लागायची. एल्डन मला सफरचंद द्यायचा. केवढा अभिमान होता मला माझ्या कामाचा!

समुद्रापलीकडे युरोपात युद्ध पेटलं तेव्हा सगळं गाव म्हणायचं, "त्यांचं भांडण, आपल्याला काय करायचंय?" पण काही महिन्यांतच इंग्रजांचे खरेदीदार आमच्या कुंपणाशी येऊन उभे राहिले.

"आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात," मालक म्हणाले. "फक्त खेचरं विकतोय, कोरा. पोरं थोडीच पाठवतोय?"

"अस्सं! म्हणजे तुमचं अध्यात ना मध्यात चार पायांवर निघालंय तर," मालकीणबाई फटकन म्हणाल्या.

पुढे जहाजावर खेचरांचं चारापाणी करायला माणसं हवी झाली. एल्डनचा जिवलग मित्र फ्लॉइड गेला. त्याचं जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं. 'आपल्याला काय' म्हणणारी तोंडंच आता सूड मागू लागली. आणखी दोन वर्षांनी आमच्या देशानेच युद्ध पुकारलं. लष्कराला खेचरं हवी होती आणि ती हाकणारी पोरंही. एल्डनने नाव दिलं.

त्या सकाळी स्टेशनवर बँड वाजत होता. एल्डनने नेहमीसारखा माझा दोर धरला. आम्ही डब्यात शिरलो, मागून वीस खेचरं आली. पलीकडच्या दाराशी त्याने दोर वडिलांच्या हातात दिला.

"बाबा, हिला फार दामटू नका. गुडघा दुखतो तिचा."

"ते राहू दे, तू आधी खाली उतर," मालक सवयीने बोलून गेले. मग त्यांचं तोंड एवढंसं झालं.

मी उतरले. दार लागलं. माझा एल्डन आत राहिला.

तो फ्रान्सला गेला तो गेलाच. तार आली त्या दिवशी मालकांनी माझ्या घंटेचा पट्टा सोडला आणि माझ्या मानेत तोंड खुपसून ते रडले. मालकीणबाई त्यांना एका शब्दाने टाकून बोलल्या नाहीत. त्यांना तेच जास्त लागलं असेल.

घंटा गेली, तरी लहान खेचरं अजून माझ्या मागे येतात. मी तळ्याकडे निघाले की तळ्याकडे, कुंपणाकडे निघाले की कुंपणाकडे. मला तो आगगाडीचा डबा आठवतो. म्हणून हल्ली मी फारशी हलतच नाही. मित्रांनो, कुणाच्या मागे निघालात तर एवढं तरी बघा, की दार लागेल तेव्हा तो आत असेल की बाहेर. मी दर वेळी बाहेर होते.