वारा पडला तेव्हा

“अहो, सोडा आता ते इंजिन. हात भाजून घ्याल,” ती वरून म्हणाली.

तो होडीच्या पोटात गुडघे टेकून बसला होता. इंजिन तापून बंद पडलं होतं, ते कुणाच्या बापाला जुमानेना. एक सणसणीत शिवी हासडून तो वर आला. शीड वाळत घातलेल्या चादरीसारखं लोंबत होतं. वारा साफ पडला होता. समोर किनाऱ्यावरचं शहर दिसत होतं, इमारतींच्या खिडक्यासुद्धा ओळखू येत होत्या. आणि त्यांतल्याच कुठल्यातरी इमारतीत त्यांची लेक कळा सोसत होती.

सकाळीच जावयाचा फोन आला होता. “बाबा, घाबरू नका, पण तिला दवाखान्यात आणलंय. दिवस भरायला अवकाश होता खरा, पण डॉक्टर म्हणतात आता थांबता येणार नाही.”

बाळंतपणाच्या आधी लेकीजवळ पोचावं म्हणून तर दोघं होडी घेऊन निघाली होती. चांगली ऐसपैस सवड ठेवून निघाली होती.

त्यानं जन्मभर ॲम्ब्युलन्स चालवली. खात्यात त्याला सगळे ‘वादळ’ म्हणत. निवृत्त झाला तरी अंगातलं वादळ काही शमेना. लिफ्ट येईपर्यंत बटण दाबत राहायचा, दूध तापेपर्यंत गॅस मोठा करायचा. शेवटी बायकोनंच बंदरात ही जुनी शिडाची होडी हेरली. “इथं राहून बघू या,” म्हणाली. नातेवाइकांनी कपाळाला हात लावले. तिनं मात्र सगळा संसार दोन ताटं, दोन अंथरुणं आणि एका स्टोव्हवर आणून ठेवला, तोही असा की कशाची उणीव म्हणून भासली नाही. होडीचं छत बुटकं. तो घाईनं उठला की टेंगूळ ठरलेलं. टेंगळं खाता खाता तो सावकाश उठायला शिकला. मग सावकाश जेवायला. पाण्याकडे नुसतं बघत बसायलाही.

आज ते सगळं वाहून गेलं होतं. त्यानं फोन उचलला.

“कुणाला लावताय?”

“बचाव पथकाला. त्यांची मोटरबोट आली तर चुटकीसरशी पोचू.”

“आपण बुडतोय का?”

पायात काटा गेला म्हणून ॲम्ब्युलन्स बोलावणाऱ्या लोकांवर तो वर्षानुवर्षं करवादला होता. त्यानं फोन खाली ठेवला, पण हाताच्या मुठी काही सुटेनात.

ती मटार सोलत बसली. थोड्या शेंगा तिनं त्याच्याही पुढ्यात ठेवल्या. त्याच्या बोटांतून दाणे उडून पाण्यात पडायला लागले.

“तुला काहीच कसं वाटत नाही गं?” तो वैतागून म्हणाला.

“वाटतं की.” तिनं मान वर केली नाही. “पण मला सवय आहे. तुम्ही गाडी घेऊन गेलात की मी काय करायचे, असं वाटतं तुम्हाला? अपघाताची बातमी लागायची रेडिओवर. ॲम्ब्युलन्स उलटली म्हणायचे. कुणाची, ते कधीच सांगायचे नाहीत.”

“मग?”

“मग काय, हाताला काम द्यायचं. तुमच्या शर्टाची बटणं उसवायची, पुन्हा लावायची. पुन्हा उसवायची.”

तो बघतच राहिला. “म्हणजे ती तुटायची नाहीत?”

“धडधाकट असायची सगळी,” ती म्हणाली, आणि दोघांनाही हसू फुटलं.

हसू ओसरल्यावर तो बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. घरी परतल्यावर आपण गाडी किती जोरात हाणली, कसा रस्ता काढला, हे तो तिला रंगवून सांगायचा. तीही कौतुकानं ऐकायची, गरम गरम वाढायची. आपलं मात्र एक अक्षर तिनं कधी काढलं नव्हतं. त्यानं एक शेंग उचलली आणि तिच्यासारखी, शिवणीवर अंगठा दाबून उघडली.

उन्हं कलल्यावर पाण्यावर बारीक सुरकुती उठली. शीड एकदा फडफडलं, मग हळूहळू भरलं. तेवढ्यात फोन वाजला. तिनं तो कानाला लावला.

“मुलगी झाली,” ती म्हणाली. “इवलीशी आहे, पण ठणठणीत. लेकही सुखरूप आहे. भूक लागलीय म्हणे.”

त्यानं सुकाणू हातात घेतलं आणि तो तिला म्हणाला, “ती दोरी जरा ओढून धर. वारा चांगला लागलाय.”

ती जागची हलली नाही. “थोडं बसू द्या हो मला.”

त्यानं वळून पाहिलं. तिच्या मांडीवरचं मटारांचं भांडं खडखडत होतं. तिचे हात थरथरत होते, आणि तिला ते थांबवता येत नव्हते.

त्यानं भांडं अलगद उचलून बाजूला ठेवलं. एका हातानं सुकाणू सांभाळत दुसऱ्या हातात तिचे दोन्ही हात घेतले. दोरी सैलच राहिली. होडी आपल्याच चालीनं शहराकडे निघाली होती, आणि त्यानं ती तशीच जाऊ दिली.