समुद्रतळावरचे चर

स्क्रीनवर आधी नुसता गढूळपणा दिसला. ताईला वाटलं, खेकड्याच्या काचेवर चिखल बसला असेल. खेकडा म्हणजे तिनेच बनवलेलं, खोल समुद्रात उतरणारं कॅमेऱ्याचं यंत्र. त्याच्या जिवावर तिने कंपनी उभारली होती, आणि जिथे उजेडही पोचत नाही तिथे, कुणी कधी न पाहिलेली पोवळ्यांची बाग शोधली होती.

पाणी निवळलं. बाग नव्हतीच. तळावर नांगर फिरवल्यासारखे लांबच लांब चर, कडेला नुसता चुरा.

"तळ खरवडणारी जाळी ओढलीय," यंत्र चालवणारी मुलगी पुटपुटली.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती जागा कंपनीच्या संगणकात कुलूपबंद होती आणि किल्ली दोघांकडेच: तिच्याकडे आणि धाकट्या भावाकडे.

बोटीवरून उतरली ती ओल्या बुटांनिशी थेट ऑफिसात, भावासमोर जाऊन उभी राहिली.

"नकाशा कुणाला दिलास?"

"ताई, आधी बस तरी."

"कुणाला?"

"मासेमारी कंपनीला." त्याने नजर चुकवली. "आपण माहितीच विकतो ना गं? पुढे ते काय करतात, ते त्यांचं त्यांना."

"शेकडो वर्षं वाढत होती ती पोवळी! मी जिवाचं रान करून शोधली आणि तू मारेकऱ्यांना दार उघडून दिलंस!"

"मग शोधलीस कशाला? आपण गेलो नसतो, तर कुणाच्या बापालाही कळलं नसतं."

हे मात्र वर्मी लागलं. कारण ते खरं होतं.

दुसऱ्याच दिवशी तिने मत्स्य खात्याकडे तक्रार केली आणि सुनावणीत त्या चरांची चित्रफीत लावली. साहेबांनी विचारलं, "त्यांना जागा कुणी सांगितली?" तिचा वकील टेबलाखालून तिला गप्प बसायला खुणावत होता.

"माझ्या कंपनीने," ती म्हणाली.

त्या भागात जाळ्यांना बंदी आली. जागा विकल्याबद्दल तिच्या कंपनीवरही आली, परवाना गेला, माणसं पांगली. लोक अभिनंदन करायला आले, तेव्हा ती त्यांच्यावरच डाफरली, "कसलं अभिनंदन? बाग मेली. आता ओसाड जागेला कुंपण घातलंय!"

संध्याकाळी आई भावाला घेऊन दारात उभी राहिली. "झालं गेलं विसर आता. सख्खा भाऊ आहे तो तुझा."

"म्हणूनच," ताई म्हणाली, आणि तिने दार लावून घेतलं.