अकरा पूर्णांक चार किलोमीटर

पडद्यावरचा ठिपका हिरवा होता आणि बारकीला तो काही केल्या पटत नव्हता.

वास्तविक तिने खूश व्हायला हवं होतं. गेले सात महिने ती या ठिपक्यापायीच डोळे फोडत होती. चाळीस ठिकाणांहून येणारं हवामान गोळा करायचं, चाळायचं आणि वैमानिकाच्या उड्डाण-आराखड्यात आपोआप बसवायचं, हे तिचं काम. आजवर वैमानिक चार ठिकाणी चौकशी करून, कपाळाला आठ्या घालून, अंदाजपंचे जादा इंधन भरत. आता ठिपका हिरवा असेल तर निघा, लाल असेल तर गुपचूप बसा. आज पहिला दिवस, आणि पहिलंच विमान तिच्या सख्ख्या थोरल्या भावाचं. आठ प्रवासी, टपालाच्या गोण्या आणि पन्नास मिनिटांवरची दरीतली छोटी धावपट्टी. तिथे धुक्यात उतरवणारी कसलीही यंत्रणा नाही. पट्टी डोळ्यांनी दिसली तरच उतरायचं. सहाला ठिपका लाल होता, सातला हिरवा झाला. धुकं उठलं म्हणून खोलीत टाळ्यासुद्धा पडल्या. उतरता आलं नाही तर माघारी यायला लागणारं जादा इंधन दादाने आज घेतलं नाही, त्या वजनाच्या चार गोण्या जास्त घेतल्या.

मग घोडं अडलं कुठे? शेजारच्या पडद्यावर उपग्रहाचं चित्र होतं, आणि त्यात दरी पांढरीफटक दिसत होती.

"वरचे ढग असतील," नियोजन खोलीचे साहेब म्हणाले. "इतक्या उंचावरून ढग काय नि धुकं काय, सारखंच दिसतं. तुझा ठिपका काय म्हणतो?"

"अकरा पूर्णांक चार किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसतंय म्हणतो."

"मग झालं तर! स्वतःच रांधायचं आणि स्वतःच नाक मुरडायचं, ही कुठली तऱ्हा?"

साहेबांचंही खोटं नव्हतं. तिने आकडा पुन्हा पाहिला. वेळ ताजी, दहा मिनिटांपूर्वीची. सगळं जिथल्या तिथे. तरी कुलूप लावून जिना उतरलेला माणूस पुन्हा वर जाऊन कुलूप ओढून बघतो, तसं तिचं चाललं होतं. चित्र खरं की ठिपका खरा? ठिपका खोटा म्हणावा तर तो तिनेच घडवलेला. खिडकीबाहेर दादाच्या विमानाचा पंखा फिरायला लागला. त्याने खिडकीकडे बघून हात हलवला. हिनेही हलवला, पण डोक्यात नुसता गुंता.

आणि मग तिची नजर त्या चारवर अडकली. पूर्णांक चार?

दरीतल्या पट्टीवर यंत्र नव्हतं. एक वयस्कर निरीक्षक होते, सगळ्यांचे काका. दर अर्ध्या तासाला ते खोलीबाहेर येत. पाण्याची टाकी दिसली तर तीन किलोमीटर, मनोरा दिसला तर सात, पलीकडची खिंड दिसली तर दहा. एवढं बघायचं आणि एक ओळ पाठवायची. काकांच्या उभ्या आयुष्यात पूर्णांकापुढे काही नव्हतं. मग हे चार मोजले कोणी?

तिने काकांच्या निरोपांची यादी उघडली. साडेसहानंतर एकही निरोप नाही. मग दहा मिनिटांपूर्वीचा आकडा आला कुठून? जितकं सोडवावं तितकं जास्तच गुरफटत होतं. शेवटी तिने सरळ फोन उचलला.

"काका, साडेसहानंतर तुमचा निरोपच नाही."

"नाही कसा? सात, साडेसात, दोन्ही पाठवलेत. धुकं, शंभर मीटर, वारा नाही. तेच सहाला, तेच साडेसहाला."

"प्रत्येक वेळी अगदी तेच?"

"अगं, धुकं हललंच नाही, तर मी काय पदरचं घालू? मला माझ्या खोलीच्या पायऱ्या दिसत नाहीयेत!"

बारकीला एकदम उलगडलं. लागोपाठ तिसऱ्यांदा तोच निरोप आला, तर यंत्र अडकलंय असं समजायचं, निरोप टाकून द्यायचा आणि जवळच्या केंद्राचा आकडा घ्यायचा. हा नियम तिचाच. यंत्रं खरोखरच अडकतात, तासन्‌तास एकच आकडा घोकत राहतात, म्हणून चौथ्या महिन्यात मोठ्या हौसेने घातलेला. जवळचं केंद्र वर डोंगरमाथ्यावर होतं, धुक्याच्या वर, लख्ख उन्हात. तिथे होतं यंत्र, दशांशापर्यंत मोजणारं. यंत्र आणि माणूस तिने एकाच चाळणीत घातले होते.

रिसीव्हर टेबलावर टाकून तिने साहेबांच्या हातातून रेडिओ हिसकावला.

"दादा, थांब! उडू नकोस. दरीत धुकं आहे. ठिपका चुकलाय... माझी चूक आहे, दादा."

विमान धावपट्टीच्या टोकाशी तसंच उभं राहिलं. मग सावकाश वळून परत यायला लागलं.

दादा जिना चढून वर आला, खुर्चीत बसला, ग्लासभर पाणी प्यायला. बारकी समोर मान खाली घालून उभी.

"बोल की काहीतरी. ओरड तरी."

"अकरा वर्षं त्या पट्टीवर जातोय," तो म्हणाला. "निघायच्या आधी दरवेळी काकांना फोन करतो. पट्टी दिसतेय का, एवढंच विचारतो."

"मग आज काय म्हणाले?"

"आज केलाच नाही."

"का?"

"ठिपका तू केलायस म्हटल्यावर कशाला विचारायचं, असं वाटलं."

याच्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. टेबलावरच्या रिसीव्हरमधून काका अजून "हॅलो, हॅलो, गेला का गं तो?" असं ओरडत होते. दादाने रिसीव्हर उचलला.

"नाही काका. इथेच आहे, जमिनीवर," तो म्हणाला. "पट्टी दिसतेय का?"