जागलीची आरोळी

पुंडलिकरावांची आरोळी साऱ्या फुलसावंगी गावाला पाठ. जागलीला, म्हणजे पिकाच्या राखणीला, शेतातल्या माळ्यावर उभं राहून त्यांनी एकदा "हुऽऽर्रे हाऽऽ!" केलं की रोही असो, हरीण असो, जनावर बांध ओलांडून धुऱ्यापार. बोंडअळीच्या सालांत अळीनं जी काही कपाशी ठेवली, ती जनावरांपासून वाचवायला बुवा इतका जागला की आरोळी हाडातच शिरली. घरात डुलकी लागली तरी मधेच ओरडायचे. बायको वच्छलाबाई कपाळावर हात मारून घ्यायच्या.

असा हा माणूस उन्हाळ्यात वच्छलाबाईंना घेऊन रेल्वेत बसून थेट ओडिशाच्या समुद्राकाठी गेला. मुलगा नयन तिकडे बंदरावर नोकरीला. पण म्हाताऱ्याचा जीव अडकलेला नातीत. आठ वर्षांच्या खुशीला सुट्टीत गावी न्यायचं, एवढं एकच मनात. पोरगी काही केल्या तयार होईना.

"गावाला काय आहे, आबाजी?"

"हरणं हायेत ना बाप्पा! आपल्या वावरात रोज येतेत."

"खरंच? रोज?"

"शप्पथ!"

"मग मी येते!" झालं, म्हातारा हवेत. वावरात आलेल्या हरणांचं पुढे काय होतं, हे काही त्यांनी सांगितलं नाही. कायले सांगावं?

दुसऱ्या दिवशी नयननं सगळ्यांना तिथलं राष्ट्रीय उद्यान दाखवायला नेलं. खाडीतून नाव चालली. दोन्ही काठांना खारफुटीचं दाट जंगल, चिखलातून वर आलेली मुळं, फांदीवर निळा खंड्या, मुळांत वासराएवढी लांब घोरपड. ओहोटीनं उघड्या पडलेल्या काठावर एक मगर जबडा वासून पडली होती. "अगं माय वं!" म्हणत वच्छलाबाईंनी पदर आवळला. नावाड्यानं ओठावर बोट ठेवलं. इथं आवाज करायचा नाही.

प्रवासाचा शीण, वरून नावेचं डुलणं. पुंडलिकरावांचा डोळा लागला.

"आबाजी, हरीण!" खुशी त्यांच्या कानाशी कुजबुजली.

त्यांनी अर्धवट डोळे उघडले. समोर हिरवं, आणि हिरव्यात हरणांचा कळप. पुढचं त्यांनी केलं नाही, आपोआप झालं. ताडकन उभे राहिले आणि छाती फाडून ओरडले, "हुऽऽर्रे हाऽऽ!"

कळप उधळला. मोठी हरणं जंगलात घुसली. एक पाडस तेवढं मागे राहिलं. आपल्या वावरात ते केव्हाच पार झालं असतं. इथला चिखल साबणासारखा. पाय सटकले, ते उतारावरून घसरत पाण्यात आलं. शेजारी तरंगणारं लाकूड हललं. ते लाकूड नव्हतं. पाणी एकदाच उसळलं आणि पाडस दिसेनासं झालं.



"अवो, काय करून बसले हे तुमी?" वच्छलाबाई म्हणाल्या.

पुंडलिकराव तसेच उभे. "मले... मले वाटलं, वावर हाये."

खुशी रडली नाही. ती त्यांच्याजवळून उठली आणि बापाला जाऊन चिकटली. पाण्याकडे बघत म्हणाली, "आबाजी, आपल्या वावरातल्या हरणांवर पण तुम्ही असंच ओरडता?"

नाही म्हणावं, असं त्यांना फार फार वाटलं. पण खोटं जिभेवर येईना.

"हाव, माय."

"मग मी नाही येणार."

किती सांगायचं होतं! अळीनं काय ठेवलं होतं, त्यातलं जनावरांनी काय खाल्लं, तुझा बाप कोणत्या वावरावर शिकला. सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

तोच पोरीनं दोन्ही कानांवर हात दाबून धरले.