नेवता दिलेली भुईनीम

डोळ्यांसमोर आणा बघू: काचेची एक नळी, तिच्यात पिकल्या जांभळासारखं गडद पाणी. त्यात हिरवट काढ्याचे थेंब पडतात. तुम्ही बघत राहता आणि रंग विरत विरत शेवटी फिकट पिवळा उरतो.

दिघोरीच्या शाळेत उर्वशीनं हे पाहिलं. गावच्याच, पण आता भंडाऱ्याला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या चंद्रकलाताईंनी दाखवलं. काढा होता भुईनीमचा, तळ्याच्या पाळीवर उगवणाऱ्या कडू रोपाचा.

"या जांभळ्या कणाला एक इलेक्ट्रॉन कमी पडतो," ताई म्हणाल्या. "असले भुकेले कण शरीरातही असतात, पेशींना ओरबाडतात. भुईनीममधली फिनॉलं नावाची द्रव्यं आपल्याजवळचा इलेक्ट्रॉन देऊन त्यांना शांत करतात."

मुलं घरी गेली. उर्वशी थांबली.

"ताई, माझ्या बाबाचं लिव्हर खराब झालं हाय. हे पाजलं त बरं होईल ना?"

तिच्या बाबाला, हेमराजला, आता इलाज नाही म्हणून दवाखान्यानं घरी पाठवलं होतं, हे ताईंना ठाऊक होतं. त्या बराच वेळ नळी धूत राहिल्या.

"नळीत माणूस नसते, बाई. तिथं झालं ते पोटात होईलच असं नाही."

"पण होऊ शकते ना?"

"मले नाही वाटत."

तरी संध्याकाळी उर्वशी हळदीचे तांदूळ घेऊन पाळीवर गेली. औषधाचं रोप असं एकदम उपटायचं नसतं, आजीनं शिकवलं होतं. आदल्या संध्याकाळी बुडाशी तांदूळ ठेवून त्याला नेवता, घरी येण्याचं आमंत्रण, द्यायचा, पहाटे घरी आणायचं.

"उद्या घ्याले येतो," ती रोपाला म्हणाली. "बाबासाठी चाल."

घरी हेमराज खाटेवर पडून होता. डोळे हळदीसारखे पिवळे. उर्वशीनं त्याला काढ्याचं सांगितलं.

"वैदीण झालीस का वं?"

"पेशील ना बाबा? लय कडू हाय."

"तू देशील त पेईन. तोंड तेवढं वाकडं करीन."

पहाटे आजीनं त्याच्या तोंडात चमच्यानं पाणी घातलं. ते ओठाच्या कोपऱ्यातून उशीवर ओघळलं. पुन्हा घातलं, पुन्हा ओघळलं. हाक मारली तर त्यानं पाहिलंही नाही. आजीनं चमचा खाली ठेवला.

"काढा नको आणू आता, पोरी. घोट उतरत नाही."

उर्वशी पाळीवर गेली. रोप दवानं ओलं होतं, बुडाशी पिवळे तांदूळ तसेच होते. ती उकिडवी बसली आणि चिखलातून एकेक दाणा वेचून फ्रॉकच्या खिशात टाकू लागली. सगळे वेचून झाल्यावर रोपाला म्हणाली, "तू येऊ नको."