तिरडीचं गाणं

ग्यू-तेकच्या मुलीचा पहिला वाढदिवस झाला, त्याच वर्षी शरदात सोलचे चित्रपटवाले जिंदो बेटावर आले. ग्यू-तेकही त्यांच्यातच होता. त्याची नोकरी अजून कायम व्हायची होती.

त्यांना तिरडीचं गाणं हवं होतं. जगाला आपला देश युद्धामुळेच ठाऊक आहे, आता आपली कला दिसू दे, असं दिग्दर्शक येईल त्याला सांगत होता. ते गाणं गावात फक्त ग्यू-तेकच्या बापाला, मान-सिकला येत होतं. हातात घंटा घेऊन तो पुढे गायचा आणि त्याच्या तालावर खांदेकरी पाऊल उचलायचे. पण त्याच्या घशात गाठ झाली होती. उरलासुरला आवाज त्याने बायकोसाठी राखला होता. चोन-रे अंथरुणाला खिळली होती.

त्याने नाही म्हटलं. मुलगा मान खाली घालून बसून राहिला. ते बघून चोन-रेच म्हणाली, "ग्यू-तेकचे बाबा, मेल्यावर मला काय ऐकू येणार? आत्ताच गा. दार तेवढं उघडं ठेवा."

"आणि तुझ्या वेळेला?"

"तेव्हाही तुम्हीच. जन्मभर घोरलात, कधी घसा बसला नाही तुमचा."

रिकामी तिरडी उचलायची नसते, म्हणून तिने आपला लग्नातला झगा तिरडीवर ठेवायला दिला.

एकदा ऊन गेलं, एकदा खांदेकऱ्याला हसू आलं, एकदा वर फिरणाऱ्या कॅमेऱ्याचीच घरघर आली. दर वेळी गाणं पहिल्यापासून. दिवस कलला तेव्हा मान-सिकच्या तोंडून नुसती हवा येत होती. तो आवाज पुन्हा आलाच नाही.

चित्रपट परदेशात गाजला. चोन-रे गेली तेव्हा गावात त्याचंच कौतुक चाललं होतं.

अंगणातून तिरडी उचलली. मान-सिकने घंटा वाजवली, तोंड उघडलं, तसंच मिटलं. ग्यू-तेकने रडत रडत फोनवर चित्रपटातलं गाणं लावलं. बापाचाच आवाज होता, पण मधली कडवी कापलेली, मागे धावत्या लयीचे ढोल घातलेले. खांदेकऱ्यांची पावलं एकमेकांत अडकली आणि बांधावर तिरडी कलली. मान-सिकने मुलाच्या हातातला फोन घेऊन बंद केला. मग नुसती घंटा वाजवत तो पुढे चालू लागला. मागे खांदेकरी कसेबसे चढण चढले.

चोन-रे चित्रीकरणानंतरच्या वसंतात वारली, पातीच्या कांद्याची काढणी चालू असताना. मान-सिक त्याच वर्षी, भात कापायच्या आधी वारला.